ढगांची गादी: एका जहरी गाण्याचा पर्दाफाश

३ फेब्रुवारी, सोमवार

डोकं फिरलंय.

बायको शाळेची व्हॅन चालवते. आज गेटपाशी व्हॅन थांबली होती आणि आतली पोरं गळा काढून गात होती. मी बाल्कनीत. शब्द पहिल्यांदाच नीट कानावर पडले.

ढगांची गादी, वाऱ्याची उशी,
हाक नको मारू, झोपले मी अशी.
अजून एकदा वर ने मला,
एकदाच ने, मग सोड घरा.

हे गाणं सध्या सलूनमध्ये, लिफ्टमध्ये, दुधाच्या दुकानात, सगळीकडे वाजतं. लोकांना वाटतं अंगाई आहे. अंगाई कसली डोंबलाची! ही नशेची उघड जाहिरात आहे. म्हणजे छुपी.

मी उभा जन्म प्रूफं तपासण्यात घालवला. दुसऱ्याला दिसत नाही ते मला दिसतं. 'उशी' उलटं वाचा. शीउ. भरभर म्हणा. सुई! 'घरा'मधल्या घ चा ग करा, द वर रफार चढवा. गर्दा, म्हणजे ब्राउन शुगर! आता एवढं डोळ्यांसमोर असताना सरकार झोपलंय का?

धाकट्याला दाखवलं. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. नाटकांना लाइट्स करायचा म्हणून सगळे त्याला फोकस म्हणतात. मागच्या वर्षी शिडीवरून पडला, मणका दुखावला, तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये दिवाणावर मुक्काम. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, सुई-बिई राहू दे दादा, 'एकदाच' हा शब्द बघ. सगळं तिथे आहे. दर वेळी तेच वाटतं, एवढी एकदाच.

म्हणाला आणि डोळे मिटले, हनुवटी छातीला टेकली. इतक्या खोल विचारात जाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

त्याचं वाक्य लिहून घेतलं. उद्यापासून मोहीम सुरू.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोहीम एक दिवस लांबली. प्रेसमध्ये काम होतं.

आमच्या प्रेसमध्ये औषधांच्या खोक्यात घालायची माहितीपत्रकं छापतात. आज एका वेदनाशामक गोळीचं प्रूफ. 'दिर्घकाळ घेतल्यास सवय लागू शकते.' दि ऱ्हस्व! पकडला. 'डोळ्यांच्या बाहुल्या बारिक होणे.' रि ऱ्हस्व! तोही पकडला. 'अंगाला खाज, गुंगी, बोलता बोलता झोप लागणे' ही ओळ निर्दोष होती. मालक म्हणाले, अहो, एवढ्या बारीक टायपात कोण वाचतंय. मी म्हणालो, मी वाचतो. संतापलो होतो, पण आवाज चढवला नाही.

डीटीपीवाल्या मुलीने विचारलं, काका, हे वाचून तुम्हाला भीती नाही वाटत? तिला समजावलं की मुद्रितशोधक अक्षरं वाचतो, मजकूर नाही. मजकुरात अडकलं की चुका सुटतात.

योगायोग म्हणजे फोकस पाठीसाठी याच गोळ्या घेतो. एक पत्रक घरी आणून त्याला दिलं. त्याने न उघडताच घडी करून खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलं. अंग खाजवत होता. हिला सांगितलं, साबण बदल.

ही म्हणाली, साबणाचं काही नाही, मला तुमच्याशी भाऊजींबद्दल बोलायचंय.

मी म्हटलं, नंतर. माझं गाण्याचं दुसरं कडवं चालू आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज इतिहास घडला असता. पाळणाघरवाल्या काकूंनी घडू दिला नाही.

तळमजल्यावर त्यांचं पाळणाघर आहे. दुपारी तिथून गाणं आलं: 'फुगा माझा लाल लाल, फुंकर मार, फुगव गाल.' फुंकर! गाल फुगवा! दोन-तीन वर्षांची कोवळी पोरं, आणि त्यांना झुरका मारायला शिकवतात!

तडक खाली गेलो आणि स्पीकरची वायर उपटली. पोरं एकदम गप्प झाली, मग एकाने सूर लावला आणि सगळी मिळून रडायला लागली. काकू हात पुसत बाहेर आल्या. मी त्यांना धूर, झुरका, फुप्फुस असं सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, फुगा आहे हो तो, फुगा! मी म्हणालो, तुम्हाला फुगा दिसतो कारण त्यांना तुम्हाला फुगाच दाखवायचा आहे. त्या म्हणाल्या, आता ही सगळी पोरं तुम्ही शांत करा, मग मी जाते पोलिसात.

एकाला उचललं. त्याने माझा चष्मा ओढला. काडी मोडली.

फोकस तेवढा दारात उभा राहून हसत होता. पण हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकही गळायला लागलं. सर्दी झालीये त्याला. हवाच वाईट आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तक्रार केली. त्यांनी विचारलं, कोणाविरुद्ध? म्हटलं, फुग्याविरुद्ध. माझं चुकलं, 'फुगा या गाण्याविरुद्ध' म्हणायला हवं होतं. आता जिन्यात जो भेटतो तो गाल फुगवतो. वॉचमनसुद्धा.

समाजसुधारकांना हे सोसावं लागतंच.

हिने ताट वाढता वाढता पुन्हा विषय काढला. म्हणाली, भाऊजी दुपारभर झोपतात, जेवत नाहीत, मध्येच चिडतात, मध्येच गोड बोलतात. त्यांनी लाइटची ती जर्मन पेटी विकली, माहीत आहे का तुम्हाला? मी म्हणालो, विकली नाही, दुरुस्तीला दिली आहे, त्याने मला स्वतः सांगितलंय. ही म्हणाली, त्यांनी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. मी म्हणालो, अर्थात. माझा भाऊ आहे.

यावर ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

पण तिने व्हॅनमध्ये ते गाणं बंद करायला साफ नकार दिला. म्हणे पोरं गायला लागली की एकमेकांना चावत नाहीत. माझ्याच घरात शत्रू.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी प्रचंड चिडलो.

फोकसच्या गोळ्या संपल्या. तो सकाळपासून कासावीस. नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मीच गेलो. त्याने चिठ्ठी हातात घेतली, मागे-पुढे पाहिली आणि म्हणाला, काका, ही जुनी झाली. आता डॉक्टरांना पुन्हा दाखवा. या गोळ्या असा माणूस किती महिने घेणार?

मी म्हणालो, दुखणं असेल तितके!

तो म्हणाला, तुम्ही घेता का?

मी म्हणालो, माझा भाऊ घेतो.

तो म्हणाला, मग भावाला जरा नीट बघा.

नीट बघा! मला! मी दुकानात सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली. म्हटलं, बाहेर रस्त्यारस्त्यावर जहर विकतात, गाण्यागाण्यांतून नशा पाजतात, त्यांचं तुम्ही काही वाकडं करत नाही आणि पाठदुखीच्या सज्जन माणसाला कायदा दाखवता? रांगेतल्या एका बाईंनी मान डोलावली. नंतर कळलं, त्यांच्या कानात इयरफोन होता.

स्टेशनपलीकडच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने चिठ्ठी मागितलीच नाही. एक पट्टी मागितली तर म्हणाला दोन घ्या, परत फेरी नको. याला म्हणतात सर्व्हिस. यापुढे तिथूनच.

घरी पोचलो तेव्हा फोकस घामाने भिजून दिवाणाच्या कडेला पोटाशी पाय घेऊन बसला होता. पट्टी माझ्या हातातून हिसकावलीच त्याने. पाणीसुद्धा घेतलं नाही. मग अर्ध्या-पाऊण तासात काय फरक! चेहरा निवळला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, दादा, तू नसतास तर माझं काय झालं असतं?

औषध असावं तर असं. डोळे भरून आले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरं कडवं फोडलं.

आरशात कोणी ओळखीचं नाही,
आई विचारते, मी सांगत नाही.

'आरसा' म्हणजे काचेवर ओढतात ती पूड. 'आई' म्हणजे पोलीस. का? कारण विचारते. हे माझं मीच शोधलं, कोणाची मदत नाही.

फोकस म्हणाला, आई म्हणजे आईच असेल दादा. विचारते ना आई. आणि सांगता येत नाही. सांगावं तर वाटतं, रोज वाटतं, सकाळी तोंडापर्यंत येतं. मग म्हणतो, आजचा दिवस जाऊ दे.

मी म्हणालो, वा, काय विश्लेषण आहे! हे कोणाच्या तोंडचं?

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, अशाच एकाच्या. होता नाटकात.

हेही लिहून घेतलं. व्याख्यानात वापरेन. फोकसचं नावही घेईन, 'माझे बंधू व सहसंशोधक' असं. त्याला बरं वाटेल. हल्ली फार उदास असतो. रिकामपण, दुसरं काय.

मग गंमत म्हणून त्याने आमच्या आईची अंगाई काढली. 'चांदण्याची पूड सांडली अंगणी, झोप रे राजा, ओंजळ भरुनी.' पूड. ओंजळ. झोप. आईची अंगाई अपवाद म्हणून वगळली आहे. नियमाला अपवाद असतातच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

व्याख्यान झालं. विषय: 'गाण्यांतील छुपे विष'. सोसायटीचा हॉल. खुर्च्या पुष्कळ मांडल्या होत्या.

श्रोते: वॉचमन (पंखा बंद करायला थांबला होता), पाळणाघरवाल्या काकू (फुग्यांचं अख्खं पाकीट घेऊन आल्या होत्या) आणि फोकस. ही बाहेर व्हॅनमध्ये बसून राहिली. म्हणाली, मला ऐकवणार नाही.

'व्यसनी माणूस कसा ओळखावा' या भागात मी रंगात आलो. म्हणालो, तो लांब केस वाढवतो, गिटार वाजवतो, वडीलधाऱ्यांना उलट बोलतो, काळे कपडे घालतो. नेमकं तेव्हाच फोकस खुर्चीवरून घसरून खाली पडला. झोप लागली होती. काकू धावल्या, त्याला उठवलं, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. फुगे पर्समध्ये टाकले. म्हणाल्या, भाषण पुरे करा हो. भावाला घरी घेऊन जा.

मत्सर! व्याख्यान चाललं होतं उत्तम, ते बघवलं नाही.

संकल्प: यापुढे छोट्या लोकांवर वेळ घालवायचा नाही. थेट मुळावर घाव. थेट त्या गीतकाराला गाठायचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नशीब पाहा! पेपरमध्ये जाहिरात. त्या गाण्याचा गीतकार पुढच्या महिन्यात नगरवाचनालयाच्या सभागृहात येतोय. 'गप्पा आणि प्रश्नोत्तरं'. प्रश्नोत्तरं! स्वतःच्या पायांनी पिंजऱ्यात येतोय लेकाचा.

योजना पक्की. मी पुढच्या रांगेत बसणार. फोकस मागे मोबाइल लावून सगळं शूट करणार. मी उभा राहणार, एकच प्रश्न विचारणार, त्याची दातखीळ बसणार. व्हिडिओ देशभर जाणार.

फोकसला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, दादा, मी येतो, पण त्याच्यावर ओरडू नकोस. त्याने वाईट काही लिहिलेलं नाही.

भोळा आहे.

१ मार्च, शनिवार

घरात महायुद्ध.

हिने दिवाणाची गादी उन्हात टाकायला उचलली. खाली गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचा थर. ही तो सगळा केरसुणीने गोळा करून माझ्यासमोर घेऊन आली. मी प्रूफ वाचत होतो, त्यावर ओतला. म्हणाली, हे वाचा आता.

मी म्हणालो, रिकाम्या पट्ट्या आहेत. कचऱ्यात टाकायचा आळस केला. मुलगा आहे, पसारा करणारच.

ही म्हणाली, मुलगा? चाळिशी उलटली त्यांची! अहो, भावाला व्यसन लागलंय तुमच्या. गोळ्यांचं.

मी ताडकन उठलो. म्हणालो, तोंड सांभाळून बोल! त्याला शिडीवरून पडताना कोणी ढकललं होतं का? डॉक्टरने दिलेलं औषध आहे ते! व्यसन म्हणजे काय असतं ते मला विचार, मी अभ्यास केलाय!

तेव्हा ती ओरडली. लग्नानंतर मी तिला ओरडताना फारसं ऐकलेलं नाही. म्हणाली, कसला अभ्यास? लोकांच्या गाण्यांतल्या शब्दांची उलटापालट करता आणि घरातला माणूस डोळ्यांसमोर वाळतोय तो दिसत नाही. त्या गोळ्या आणून कोण देतं त्यांना? कोण देतं?

आतून फोकसच्या खोकण्याचा आवाज आला. ऐकलं असणार त्याने. माझ्या भावाचा माझ्याच घरात अपमान! मी हिच्याशी मौन धरलं आहे. ती माफी मागेपर्यंत एक शब्द बोलणार नाही.

तिने मौनाची दखल घेतलेली नाही.

रात्रीच्या जेवणाला फोकस म्हणाला, दादा, वहिनी काय म्हणत होत्या ते... मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, तू मनाला लावून घेऊ नकोस. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

त्याने मान खाली घातली. विश्वासाने माणूस कसा हलतो!

८ मार्च, शनिवार, दुपारी चार

आज तो दिवस. नवा चष्मा. शर्ट इस्त्रीचा. प्रश्न पाठ आहे. आरशासमोर म्हणून पाहिला, मलाच धडकी भरली.

फोकसचे हात सकाळपासून कापत होते. शूटिंग हलेल म्हणून काल स्टेशनपलीकडून जादा गोळ्या आणून ठेवल्या होत्या, त्या दिल्या. पूर्वतयारी महत्त्वाची.

हिच्याशी धरलेलं मौन मी सोडणार होतो, पण ती मुलांच्या एका सहलीची ट्रिप घेऊन गेली आहे. संध्याकाळी विजयी होऊनच बोलेन.

९ मार्च, रविवार

लिहायचं नव्हतं. पण घरात कोणी नाही.

गीतकार लांब केसांचा नव्हता. पोस्टात नोकरीला असावा असा साधा माणूस, अंगात तपकिरी स्वेटर, सारखं पाणी पीत होता. प्रश्नोत्तरं सुरू झाली. मी पहिला उठलो. माइक नको म्हणालो. आवाज माझा आहे.

म्हणालो, आपल्या गाण्यात अमली पदार्थांचा छुपा उल्लेख आहे, हे आपण इथे सर्वांसमोर कबूल करता की नाही?

मला वाटलं, संपला.

तो म्हणाला, हो. आहे ना. पण छुपा नाही. माझ्या धाकट्या बहिणीवर लिहिलंय ते. ती त्यातच गेली. मी दर कार्यक्रमात सांगतो.

मागून कोणीतरी म्हणालं, सगळ्यांना माहीत आहे हो काका, बसा. हशा झाला. माझं डोकं तापलं. लपवलेलं नव्हतं तर मग एवढे दिवस मी शोधलं काय? मी म्हणालो, मग उशी म्हणजे सुई, हे मान्य आहे?

तो हसला नाही. म्हणाला, नाही. उशी म्हणजे उशी. तिला दोन उशा लागायच्या. आम्ही बघायचो आणि म्हणायचो, झोपलीये, झोपू दे. हाक मारायचो नाही. तेच लिहिलंय.

मी उभाच. पाठ केलेला एकच प्रश्न होता, तो विचारून झाला होता. तो मला म्हणाला, तुम्ही फार लक्ष देऊन ऐकलंय. तुमच्या घरात कोणी आहे का?

मी ओरडलो, आमचं घर सभ्य माणसांचं आहे! आणि साक्ष काढायला मागे वळलो. फोकसची खुर्ची रिकामी होती. मोबाइल स्टँडवर होता आणि छताचं शूटिंग करत होता.

दारावरचा माणूस आत आला. म्हणाला, बाथरूममध्ये एक जण पडलाय, उठत नाही.

फोकस वॉशबेसिनखाली भिंतीला टेकून बसला होता. ओठ निळसर. छाती हलते की नाही कळत नव्हतं. मी म्हणालो, दमलाय, पाठीचं दुखणं आहे, झोपू दे जरा. मी असं म्हणालो. तेवढ्यात गीतकार गर्दी बाजूला सारत आला, गुडघ्यांवर बसला, त्याला गदगदा हलवलं, मोठ्याने हाका मारल्या, कोणाला तरी ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. मग मला विचारलं, काय घेतो हा?

मी म्हणालो, काही नाही, फक्त पाठीच्या गोळ्या.

किती?

माहीत नाही. लागतील तितक्या.

देतं कोण?

मी म्हणालो, मीच आणून देतो. स्टेशनपलीकडून. तिथे चिठ्ठी मागत नाहीत.

हे बोलल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला. काही बोलला असता तर मला बरं झालं असतं, मी उत्तर तरी दिलं असतं. तो पुन्हा फोकसकडे वळला आणि हाका मारत राहिला. आपल्या बहिणीला मारायच्या राहिल्या होत्या तशा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने हाका थांबवल्या नाहीत. मी नवा चष्मा हातात धरून उभा होतो.

ही सहलीवरून थेट व्हॅन घेऊन हॉस्पिटलमध्ये आली. मी म्हणालो, अगं, त्याला... ती म्हणाली, बाजूला व्हा. आत गेली.

वाचला आहे. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर.

१२ मार्च, बुधवार

मी फार संतापलो आहे. स्टेशनपलीकडच्या दुकानदारावर. चिठ्ठी न मागता देतोच कसा? त्याची तक्रार केली आहे. तक्रार घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुम्ही त्याच्याकडे किती वेळा गेलात? उद्धट आहेत.

पहिल्या डॉक्टरवरही संतापलो आहे, ज्याने सुरुवात करून दिली. कोपऱ्यावरच्या केमिस्टवरही. त्याला सगळं दिसत होतं तर मला हाताला धरून स्पष्ट सांगायला काय झालं होतं? 'नीट बघा' म्हणजे काय? असं मोघम कोण बोलतं?

प्रेसमध्ये तेच पत्रक पुन्हा छपाईला आलं. डीटीपीवाल्या मुलीने पुढे ठेवलं. मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. चुका सापडेनात. मालकांना म्हटलं, हे दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, बरं वाटत नाही का? मी त्यांच्यावर ओरडलो. मग त्यांनी मला घरी पाठवलं.

पाळणाघरवाल्या काकू हॉस्पिटलमध्ये डबा घेऊन जातात. हिच्याकडून कळलं. मला जिन्यात भेटल्या, पण गाल फुगवले नाहीत. फुगवायला हवे होते.

फोकसला हॉस्पिटलमधून परस्पर व्यसनमुक्ती केंद्रात हलवणार आहेत. सह्या हिने केल्या. मी मौन कधीच सोडलंय. ती कामापुरतं बोलते.

२३ मार्च, रविवार

केंद्रात नातेवाइकांची भेट. शहराबाहेर, बसकी इमारत, आवारात वाळत टाकलेल्या चादरी. आमच्या व्हॅनमधूनच गेलो. 

मी भाषण तयार करून नेलं होतं. औषध कंपन्या, बेफिकीर डॉक्टर, लोभी दुकानदार, समाजाची उदासीनता. चांगलं उतरलं होतं.

सगळे नातेवाईक गोल करून बसले. तिथल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, एकेकाने फक्त एवढंच सांगायचं, आपण कोण आणि आपल्याला कधी कळलं. एक म्हातारे वडील बोलले. एक नवी नवरी बोलली. ही बोलली, 'मी वहिनी, मला दुसऱ्याच महिन्यात कळलं.' माझी पाळी आली. मी उठलो, घसा साफ केला. ताई म्हणाल्या, बसूनच सांगा. मी बसलो. म्हणालो, मी मोठा भाऊ. मला... आणि पुढे काही येईना. सगळे थांबले होते. ताई हळूच म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वेळी सांगा.

मग आवारात फोकस भेटला. वजन उतरलंय, पण डोळे मोठे दिसतात. मी म्हणालो, अरे, तू एकदा तरी मला सांगायचंस.

तो चिडला. इतका चिडलेला मी त्याला कधी पाहिला नाही. म्हणाला, सांगत नव्हतो? रोज सांगत होतो. मी सांगायचो आणि तू म्हणायचास, वा, काय विश्लेषण! आणि लिहून घ्यायचास! मी वाट बघायचो दादा, की आता तू मान वर करशील.

मी म्हणालो, तू म्हणालास नाटकातला कोणीतरी होता.

तो म्हणाला, आणि तुला खरं वाटलं.

चादरी वाऱ्याने फडफडत होत्या. एक उडून त्याच्या तोंडावर आली, त्याने ती सरळ केली, चिमटा लावला. मग शांत झाला. म्हणाला, मी तुझ्यावर रागावलोय. इथे म्हणतात, राग आला तर सांगायचा. म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी वहिनींना एकट्यांना पाठव. तू नको येऊस. मग बघू.

मी म्हणालो, बरं.

परतताना मी व्हॅनमध्ये मागे, पोरांच्या बुटक्या सीटवर बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते. हिने एकदा आरशातून पाहिलं.

घरी आलो. चिडायला म्हणून बसलो. कोणावर ते ठरेना. गीतकारावर होत नव्हतं, दुकानदारावर करून झालं होतं. हिने जेवायला हाक मारली.

जेवण गार होतं. तसंच जेवलो.